‘ब्लड ऑफ ईडन’: भुकेशी झगडणाऱ्या नायिकेची त्रयी

ज्युली कागावा यांच्या ‘ब्लड ऑफ ईडन’ या इंग्रजी किशोर-कादंबरीत्रयीचे तिन्ही भाग (२०१२ ते २०१४) मी यंदा सोलापूरच्या उन्हाळ्यात, दुपारी घराबाहेर पडणे नकोसे होत असताना, सलग वाचून काढले आणि ते मला मनापासून आवडले.

महामारीने उद्ध्वस्त झालेल्या या जगात शहरांवर व्हॅम्पायरांची सत्ता आहे आणि नोंदणी झालेल्या माणसांना अन्नाच्या मोबदल्यात रक्त द्यावे लागते. पुस्तक बाळगणे हा तेथे गुन्हा असूनही आईने वाचायला शिकवलेली नायिका ॲली पुस्तके लपवून जपते. वाचनालयांवर जीव असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला ती पहिल्याच प्रकरणांत जवळची वाटू लागते. मरणाच्या दारात असताना ती स्वतः व्हॅम्पायर होणे पत्करते, आणि मग आपली ओळख लपवून माणसांच्या एका जथ्याबरोबर प्रवास करू लागते. दिवस उजाडण्यापूर्वी मातीत गडप होऊन झोपणारी आणि रात्री शेजारच्या माणसाच्या रक्ताच्या ओढीशी झगडणारी ॲली लेखिकेने विलक्षण प्रामाणिकपणे रंगवली आहे. तिचा गुरू कॅनिन मोजकेच बोलतो, पण माझ्या मते त्रयीतील सर्वांत वजनदार व्यक्तिरेखा त्याचीच आहे.

दुसरा भाग मध्यावर थोडा रेंगाळतो. छळाची वर्णने अंगावर येणारी असल्याने लहान मुलांच्या हाती ही पुस्तके देऊ नयेत. दहावीच्या पुढच्या वाचकांनी मात्र ती अवश्य मागवावीत, कारण त्यांतील इंग्रजी मराठी माध्यमातून शिकलेल्यांनाही जड जात नाही.