उद्यमबागेत बनलेली मफल भट्टी: वर्षभराच्या वापरानंतर

बेळगावच्या उद्यमबागेतील एका छोट्या कारखान्याकडून आमच्या महाविद्यालयाने मफल भट्टी, म्हणजे बंद कप्प्यात नमुना तापवणारी प्रयोगशाळेतील भट्टी, घेतली, त्याला आता वर्ष होत आले. माहितीपत्रक कन्नड आणि इंग्रजीत होते. बसवायला आलेल्या मिस्त्रींनी मात्र सारे मराठीत, तेही दोनदा, समजावून सांगितले.

दांडेलीचा कागद कारखाना जवळच असल्याने आमच्या विद्यार्थ्यांना लाकूड शिजवून लगदा काढल्यावर उरणाऱ्या काळ्या द्रावातून रसायने परत मिळवण्याच्या प्रक्रियेचे कुतूहल असते. हा द्राव आटवून जाळला की सोडियम कार्बोनेट व सोडियम सल्फाइडचा वितळलेला रस उरतो. तो पाण्यात विरघळवून चुना घातला की कॉस्टिक सोडा तयार होतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ खाली बसतो. हा गाळ भाजून पुन्हा चुना करणे, हीच भट्टीची पहिली परीक्षा होती. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १० ग्रॅम घेतले, तर हिशेबाने ५.६ ग्रॅम चुना उरायला हवा. ९५० अंश सेल्सियसला दीड तास ठेवल्यावर वजन जवळजवळ तेवढेच भरले.

अभिक्रियेचा वेग मोजायला घेतला, तेव्हा उणीव कळली. ही अभिक्रिया उष्णता शोषते, त्यामुळे मुशीतील पूड भिंतीजवळच्या थर्मोकपलपेक्षा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारजोडीपेक्षा, थंड राहते आणि पडद्यावरचा आकडा पुडीचा नसतोच. शिवाय दार घट्ट बंद असले की कार्बन डायऑक्साइड आतच साचतो. एक वातावरण दाबाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटनाला सुमारे ९०० अंश लागतात. त्यामुळे पातळ थर आणि ढीग यांचे वेग एकाच तापमानाला वेगळे आले, आणि तो फरक रसायनाचा नव्हता, मांडणीचा होता.

टायटॅनियम डायऑक्साइड आणि सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) यांची घन अवस्थेतील अभिक्रिया, म्हणजे चुन्याची भट्टी टाळून कॉस्टिक मिळवण्याच्या पद्धतीचे मूळ, अधिक नाजूक निघाली. येथे दोन पुडींच्या कणांमध्ये उत्पादिताचा थर साचतो आणि त्यातून होणारे विसरण, म्हणजे कणांचे हळूहळू पार होणे, वेग ठरवते. अशा विसरणाने चालणाऱ्या अभिक्रियांसाठीच्या यांडरच्या समीकरणाने वेळेसोबतचा आलेख सरळ यावा, ही अपेक्षा. सोडा ॲश ८५१ अंशांना वितळतो. तापमान राखणारा कंट्रोलर ८४० वर लावला असताना पहिल्याच तापवणीत पारा त्यापुढे गेला, मिश्रण वितळून मुशीला चिकटले आणि दिवसभराची मोजणी वाया गेली. कळवल्यावर कारखान्याने माणूस पाठवून कंट्रोलर विनामूल्य नीट जुळवून दिला. त्यानंतर तक्रार उरली नाही.

राख काढणे, चुना भाजणे, वजनातील घट मोजणे यांसाठी ही भट्टी निःशंक घ्यावी. वेगाचा अभ्यास करायचा असेल, तर मुशीला टेकणारे दुसरे थर्मोकपल आणि वायू बाहेर जायला वरचे छिद्र मागणी नोंदवतानाच सांगून ठेवावे, कारण आम्ही नंतर छिद्र पाडायला गेलो आणि आतल्या अस्तराचा कोपरा ढासळला.