रोजचा मेन कॅमेरा: क्रॉप सेन्सर की फुलफ्रेम? मुंबईत राहून ठरवणाऱ्यांसाठी

आधी मत सांगून टाकतो, कारणं मग. मुंबईत राहताय, लोकलने फिरताय, फोटोग्राफीवर घर चालत नाहीये आणि एकच बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यायचीय, तर क्रॉप सेन्सर (फोटो टिपणारी चिप फुलफ्रेमपेक्षा छोटी असलेला) घ्या आणि उरलेले पैसे लेन्समध्ये घाला. फुलफ्रेम घ्यायला पण खरी कारणं आहेत आणि ती कारणं तुम्हाला लागू होत असतील तर बिनधास्त फुलफ्रेम घ्या, पण "पुढे कधीतरी लागेल" किंवा "प्रोफेशनल लोक तेच वापरतात" ही ती कारणं नाहीत.

सेन्सरचं गणित एकदाच करून घेऊ कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. फुलफ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमी, जुन्या ३५ मिमी फिल्मची फ्रेम. क्रॉप म्हणजे एपीएस-सी, सोनी, निकॉन, फुजीचा साधारण २३.५ बाय १५.६ मिमी आणि कॅननचा अजून थोडा छोटा, २२.३ बाय १४.८ च्या आसपास, म्हणून लेन्सच्या मिमीला कॅननवर १.६ ने गुणायचं आणि बाकीच्यांवर १.५ ने, की फुलफ्रेमवर किती मिमीची लेन्स तेवढंच दाखवेल ते कळतं. क्षेत्रफळ काढलं तर फुलफ्रेम सव्वादोन-अडीचपट मोठा भरतो, म्हणजे तेवढाच जास्त प्रकाश गोळा करतो, आणि हा फरक साधारण सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). सोप्यात सांगायचं तर क्रॉपवर आयएसओ (कमी उजेडात वाढवावी लागणारी सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ला जेवढा नॉइज (फोटोतले दाणे) दिसतो तेवढा फुलफ्रेमवर ६४०० च्या थोडं पुढे गेल्यावर दिसतो. बस, एवढंच आहे. कमी नाही, पण लोक सांगतात तसा जमीन-अस्मानाचा फरक पण नाही.

आता हा सव्वा स्टॉप मुंबईत कुठे लागतो ते बघा. दुपारी काळा घोड्याला फिरताना, बाणगंगेला, मरीन ड्राइव्हला संध्याकाळी, शून्य. दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी ठेवले तर मला तरी ओळखता येत नाहीत. लागतो तो अंधारात हलणारी माणसं टिपताना. पहाटे दादरच्या फूल मार्केटमध्ये ताडपत्रीखाली एखादाच बल्ब असतो आणि समोरचा माणूस टोपली डोक्यावर घेऊन धावत असतो, किंवा रात्री लालबागच्या गल्लीत ढोल-ताशा पथक वाजवतंय आणि टिपरू धरलेला हात ब्लर होऊ द्यायचा नाहीये. तिथे शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू करता येत नाही, मग आयएसओ चढतो, आणि चढत्या आयएसओवर फुलफ्रेम पुढे असतो हे मान्यच करायला पाहिजे. इथे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन पण कामाला येत नाही, ते फक्त तुमचा हात स्थिर करतं, समोरच्या माणसाला नाही.

पण यावर क्रॉपवाल्याकडे उत्तर आहे, एफ/१.४ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स (एफचा आकडा जेवढा छोटा तेवढा प्रकाश जास्त). सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिमी एफ/१.४ या तिन्ही लेन्स खास एपीएस-सीसाठी बनवलेल्या आहेत, ३० ची फक्त २६५ ग्रॅम, ५६ ची २८० ग्रॅम, आणि किंमत फुलफ्रेमच्या एफ/१.४ लेन्सच्या मानाने बरीच कमी. फुलफ्रेमवर एफ/२.८ चा झूम लावलेला माणूस आणि क्रॉपवर एफ/१.४ ची प्राइम लावलेला माणूस एकाच गल्लीत उभे असतील तर नॉइजमध्ये क्रॉपवाला मागे नसतो, उलट थोडा पुढेच असतो. आणि २०२३ पासून लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एआय डीनॉइज आलंय, रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा असलेली फाइल) शूट करत असाल तर ६४०० चे फोटो पण बऱ्यापैकी स्वच्छ होतात, फक्त कॉम्प्युटर जरा दमदार पाहिजे नाहीतर एका फोटोला बराच वेळ खातो.

बॅकग्राउंड ब्लरचं पण हेच गणित. क्रॉपवर एफ/२.८ म्हणजे ब्लरच्या हिशोबात फुलफ्रेमचा साधारण एफ/४.२. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) तेच राहतं, फक्त मागचं कमी विरघळतं. लग्नातले पोर्ट्रेट हेच तुमचं मुख्य काम असेल तर फुलफ्रेमवर ८५ मिमी एफ/१.८ लावून जे मिळतं ते आवडेल. रस्त्यावरचे फोटो काढत असाल तर उलट मागचं दिसायलाच हवं असतं, टॅक्सी, पाटी, वडापावची गाडी, हे सगळं विरघळलं तर फोटो मुंबईचा आहे हे कळणार कसं.

आता वजन. इथे मला मनापासून वाटतं की लोक चुकीची तुलना करतात, कारण ते फक्त बॉडी बघतात. क्रॉपवाला सोनी ए६७०० बॅटरी-कार्डसकट ४९३ ग्रॅम, आणि फुलफ्रेम ए७सी मार्क २ आहे ५१४ ग्रॅम. २१ ग्रॅमचा फरक! कॅननचा फुलफ्रेम आर८ तर ४६१ ग्रॅम, म्हणजे कॅननच्याच क्रॉपवाल्या आर७ पेक्षा (६१२ ग्रॅम) दीडशे ग्रॅम हलका. मग दुकानदार म्हणतो "बघा साहेब, फुलफ्रेम पण तेवढाच," आणि बॉडीपुरतं त्याचं बरोबरच आहे. लेन्स लावा मग बोलू. ए६७०० वर सिग्मा १८-५० एफ/२.८ (२९० ग्रॅम) लावली की होतात ७८३ ग्रॅम. ए७सी मार्क २ वर सोनीची २०-७० एफ/४ (४८८ ग्रॅम) लावली की १ किलो. सिग्माची नवी २४-७० एफ/२.८ लावली की साधारण सव्वा किलो. २०० ग्रॅम ऐकायला काही नाही, अर्धा किलो मात्र सकाळच्या फास्ट लोकलमध्ये सॅक छातीवर घेऊन उभं राहिल्यावर जाणवतो, वर डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि ऑफिसचा लॅपटॉप आहेच. रोज कॅमेरा नेणं जड व्हायला लागलं की तो कपाटात राहतो, आणि रोजच्या वापरासाठी घेतलेल्या कॅमेऱ्याचं कपाटात राहणं हे माझ्या मते सगळ्यात वाईट, नॉइजपेक्षा कितीतरी वाईट.

टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये तर क्रॉप सरळ जिंकतो. हिवाळ्यात फ्लेमिंगो यायला लागले की शिवडीला, ऐरोलीला जाणार असाल तर हा हिशोब नीट बघा. ए६७०० ला सोनीची ७०-३५० लावली की फुलफ्रेमच्या ५२५ मिमीएवढी रीच मिळते, लेन्सचं वजन ६२५ ग्रॅम. फुलफ्रेमवर तेवढी रीच हवी तर २००-६०० घ्या, ती दोन किलोच्या वर. कोणी म्हणेल फुलफ्रेमचा फोटो नंतर कापून घेता येतो की, येतो ना, पण ३३ मेगापिक्सेलच्या बॉडीवर एपीएस-सीएवढा भाग कापला की हातात साधारण १४ मेगापिक्सेल उरतात आणि ए६७०० कडे तिथे २६ आहेत. त्यातून पक्षी अजून लांब असेल तर परत कापायचंय. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, २००-६०० चा फोकस आणि ६०० मिमीचं टोक वेगळ्याच पातळीचं आहे, पक्ष्यांसाठीच जगत असाल तर दोन किलो उचला, आणि हो, तीच लेन्स ए६७०० वर पण लागते.

वाइड, म्हणजे जास्त जागा फ्रेममध्ये घेणाऱ्या लेन्समध्ये मात्र जपून. आपल्या घरांमध्ये मागे सरकायला जागा कुठे असते, दहा बाय बाराच्या खोलीत बारशाचा ग्रुप फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकलेली असते. क्रॉपवर १८ मिमी म्हणजे २७, कॅननवर २९, आणि ते पुरत नाही. १६ पासून सुरू होणारा झूम घ्या, किंवा सिग्माची १०-१८ एफ/२.८ बघा, २६० ग्रॅमची आहे आणि काम चोख करते. आणि एक सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो की आत्ताच फुलफ्रेमच्या लेन्स घेऊन ठेवा, पुढे बॉडी बदलली की कामाला येतील. नका करू असं. २४-७० क्रॉपवर ३६-१०५ होते, म्हणजे जड लेन्स पण वागवायची आणि वाइड पण गमवायचं, तेही एका अशा बॉडीसाठी जी कदाचित घेणारच नाही. आज जी बॉडी हातात आहे तिच्यासाठी लेन्स घ्या, चांगली लेन्स सेकंडहँडला विकली जाते.

प्रिंटची भीती बाळगू नका. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंची पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायला २० मेगापिक्सेलच्या आत काम होतं.

बरं, क्रॉपच घ्यायचा ठरला तर कुठला. मी पहिल्यांदा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आहे का हे बघेन, कारण मुंबईत ट्रायपॉड उघडला की पाच मिनिटांत कोणीतरी सिक्युरिटीवाला परमिशन विचारायला येतोच, मग सीएसएमटीची रोषणाई किंवा मरीन ड्राइव्हचा ब्लू अवर (सूर्यास्तानंतरची निळसर वेळ) हातातच धरून काढावा लागतो आणि स्टॅबिलायझेशन असेल तर जरा श्वास धरून १/४ सेकंदाला पण शार्प निघतो. ते सोनी ए६७००, फुजी एक्स-टी५, एक्स-टी५०, एक्स-एस२० आणि कॅनन आर७ मध्ये आहे. कॅनन आर१०, आर५० आणि निकॉन झेड५० मार्क २ मध्ये नाही, तिथे लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनवर भागवायचं आणि प्राइम लावली की बहुतेक वेळा तेही नाही.

ए६७०० चा फोकस या सगळ्यांत मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, पळणारं पोर असो की दहीहंडीचा थर, धरला की सोडत नाही. बॅटरी सोनीच्याच फुलफ्रेम ए७ मार्क ४ ची आहे, दिवसभर आरामात. लेन्सचा बाजार पण सोनीचा सगळ्यात मोठा, नवा आणि जुना दोन्ही. कार्ड स्लॉट एकच, म्हणजे दुसऱ्या कार्डावर लगेच प्रत होत नाही, पैसे घेऊन लग्न शूट करणार असाल तर हे खटकेल.

फुजी एक्स-टी५ वेगळ्या माणसाचा कॅमेरा आहे. ४० मेगापिक्सेल, दोन स्लॉट, ५५७ ग्रॅम, वर शटर आणि आयएसओच्या डायल, आणि जेपेग असे निघतात की बऱ्याच जणांना एडिटिंगची गरजच उरत नाही. ८४ ग्रॅमची २७ मिमी एफ/२.८ लावून फिरलात तर समोरच्याला तो कॅमेरा वाटतच नाही, स्ट्रीटसाठी याहून छान काय. हलत्या गोष्टींचा फोकस सोनी-कॅननच्या मागे आहे, आणि फुजीच्या या माउंटमध्ये (लेन्स बसवायचा जोड) फुलफ्रेम बॉडीच नाही, म्हणजे उद्या फुलफ्रेमला जायचं तर सगळं विकून जायचं.

कॅनन आर७ पक्षीवाल्यांचा, ३२.५ मेगापिक्सेल, १.६ चा क्रॉप, १००-४०० लावली की ६४० मिमी आणि लेन्स ६३५ ग्रॅमचीच. मात्र इलेक्ट्रॉनिक शटरला सेन्सर हळू वाचला जातो, उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे दिसू शकतात, मेकॅनिकल शटर वापरा. कॅननच्या क्रॉपवर आधी चांगल्या लेन्सच नव्हत्या, २०२४ पासून सिग्मा-टॅमरॉनच्या यायला लागल्या आणि परिस्थिती बरीच सुधारली. बजेट कमी असेल तर निकॉन झेड५० मार्क २, ग्रिप मस्त, फोकस आधीच्या झेड५० पेक्षा कितीतरी पुढे गेलाय.

पावसाळ्याचं वेगळं सांगायलाच हवं. एक्स-टी५, आर७, ए६७०० ला सीलिंग (पाणी-धूळ अडवणारी बांधणी) आहे, आर१०, एक्स-टी५०, एक्स-एस२० ला नाही. पण बॉडी सील्ड आणि लेन्स नाही असं असेल तर पाणी लेन्सकडून येणारच, आणि सिग्मा १८-५० ला सील फक्त माउंटपाशी आहे. जोरदार पावसात कुठलाच कॅमेरा उघडा धरू नका. खरा शत्रू पाऊस नाहीच, बुरशी आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लेन्स बॅगेत पडून राहिली की आत जाळं धरतं, फुलफ्रेम असो की क्रॉप. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा), ओलावा ४५-५० टक्क्यांवर ठेवा. एसी लोकलमधून उतरलात की लगेच लेन्स बाहेर काढू नका, धुकं धरेल, थोडा वेळ बॅगेतच राहू द्या.

फुलफ्रेम कोणी घ्यावा तर ज्यांची रात्रीची, आतली, पैसे घेऊन केलेली कामं आठवड्याला आहेत, हॉलमधली लग्नं, नाटकं, मैफिली जिथे फ्लॅश मारता येत नाही. अशांनी आर८ किंवा निकॉन झेड५ मार्क २ बघावा. आर८ हलका, पण बॅटरी छोटी, स्लॉट एक, स्टॅबिलायझेशन नाही. झेड५ मार्क २ मध्ये दोन स्लॉट, स्टॅबिलायझेशन, सगळं आहे, बॉडीच ७०० ग्रॅमची. कामासाठी मी डोळे झाकून झेड५ मार्क २ म्हणेन.

घ्यायला फोर्टात बोरा बाजारला जाणार असाल तर स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. नव्याला पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी, त्याशिवाय स्वस्त मिळाला तरी नको. जुन्यात लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर पुढच्या दुकानात चला. माउंटचे कॉन्टॅक्ट हिरवट झालेत का बघा, समुद्रकाठच्या हवेत ते होतं. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करा म्हणजे सेन्सरवरचे डाग कळतील, शटर काउंट (शटर आजवर किती वेळा चाललंय) विचारा, आणि मग हातात धरून, तुमचीच सॅक अडकवून, गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारू देतात का ते विचारा.