सिलोस्टाझोल, 7 महिने: तीन खांबांवरून सहा खांब

पायाची नस बुजल्यानं चालताना पोटरी दुखते, त्यासाठी मी सिलोस्टाझोल घेतो. परवाच्या बाजारी मेडिकलवाल्याने त्याऐवजी पेंटॉक्सिफायलिनची पट्टी हातात दिली. म्हणे, "एकच काम आहे काका, दोन्ही पायाच्याच गोळ्या." घरी येऊन चष्मा लावला तेव्हा 400 मिलिग्रॅम आकडा दिसला. माझी 100 ची, दिवसातून दोनदा. ही जुनी, तीनदा घ्यायची, अन् डॉक्टर म्हणतात चालण्याला तिचा फारसा उपयोग नाही. परत न्यायला गेलो तर "कापलेली पट्टी घेत नाही." कापली त्यानंच! एसटीचं भाडं वेगळं गेलं.

माझं माप म्हणजे शेताच्या वाटेवरचे विजेचे खांब. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या खांबाशी उजवी पोटरी आवळायची, दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी. लोकांना वाटे, म्हातारा पऱ्हाटी पाहून राहिला. डॉक्टरांनी आधी हृदयाची इको (सोनोग्राफी) काढायला लावली तेव्हा पैशापायी चिडलो होतो. हार्ट फेल्युअर असेल तर ही गोळी चालतच नाही, हे मागून कळलं.

तीन आठवड्यांत ढिम्म फरक नाही. मी तर गोळीला शिव्या घालून मोकळा झालो होतो. पण 12 आठवडे थांबा, दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला, असं सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत पाचवा खांब आला, आता सहावा.

खरी कटकट डोक्याची. जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी गोळी, अन् तासाभरात कपाळ ठणकायला लागे. सुरुवातीला बऱ्याच जणांचं दुखतं म्हणे. माझं चार महिने दुखलं! बाम, लिंबू, आल्याचा चहा, सगळं झालं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" गॅसची गोळी, ओमेप्राझोल. ती मी औषधात धरतच नव्हतो. तिच्यामुळे सिलोस्टाझोलचा अंमल वाढतो म्हणे. एक तर डोस 50 करायचा, नाहीतर ती सोडायची. ती सोडली, रात्रीचा ठेचा सोडला, डोकं उतरलं. ठेच्याचं दुःख अजून आहे.

गोळीनं नस उघडत नाही, चालणं तेवढं वाढतं. नस बुजवणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा पाचावरून एकावर आणलाय. तो एक सुटत नाही.

पेंटॉक्सिफायलिनची पट्टी देवघराच्या कोनाड्यात आहे. दर बाजारी खिशात घालून नेतो, काउंटरवर ठेवतो, परत आणतो.