खडकवासल्याच्या काठावरचं मासळीचं हॉटेल: अकरा महिने, नऊ फेऱ्या

गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा गेलो आणि या मे महिन्यात नवव्यांदा जाऊन आलो. महागड्या हॉटेलात वरचेवर जाणारी माणसं आम्ही नाही. पण आमच्या सासूबाई हर्णैच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली, तरी पाण्याकडे तोंड करून मासे खायची त्यांची हौस तशीच आहे. पूर्वी दर दिवाळीनंतर माहेरी चक्कर व्हायची. दोन्ही गुडघे धरल्यापासून पाच-सहा तास गाडीत बसणं त्यांना जमत नाही. पानशेत रस्त्यावर, खडकवासल्याच्या बॅकवॉटरकाठी मासळीचं एक नवं पॉश हॉटेल झालंय असं भाच्याने सांगितलं आणि मी दुसऱ्याच दिवशी फोन करून टेबल धरलं.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. त्या काठावर आता अशी बरीच हॉटेलं आहेत आणि मला सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल. मुख्य मुद्दा आधीच सांगते. इथे आपण दोन गोष्टींचे पैसे मोजतो, पाण्याचे आणि माशांचे, आणि दोन्हींचे हंगाम वेगळे आहेत. पाणी ऐन भरात असतं तेव्हा मासळीचे दिवस नसतात. हे आमच्या लक्षात यायला चार फेऱ्या गेल्या.

पहिली फेरी जूनच्या शेवटच्या शनिवारी. आनंदनगरहून साडेचारला निघालो. चौपाटीपाशी कणसांच्या आणि भजीच्या गाड्यांपुढे दुतर्फा गाड्या लावलेल्या, त्यात अडकलो आणि पोचायला पावणेसात वाजले. एरवी हे अंतर जेमतेम तासाचं. पार्किंगपासून खालच्या डेकपर्यंत ३८ पायऱ्या आहेत. मी मोजल्या, कारण आईंनी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरल्या. कठडा एकाच बाजूला. फोनवर ‘बरोबर वयस्कर माणूस आहे’ असं मी सांगितलं होतं, तरी पायऱ्यांचा विषय कोणी काढला नव्हता. (मागच्या बाजूने, स्वयंपाकघराजवळून एक उताराची वाट आहे. तिथून गाडी जवळजवळ डेकपर्यंत येते. विचारलं की उघडून देतात, पण विचारावं लागतं. हे आम्हाला तिसऱ्या फेरीत कळलं.)

पण खाली पोचल्यावर समोर जे दिसलं त्याने सगळे गप्प झालो. डेक लाकडी, पाण्यावर थोडा पुढे आलेला. पलीकडच्या काठाला एनडीएची गर्द झाडी, पश्चिमेला डोंगरांच्या एकामागे एक रांगा, आणि ढगांच्या फटीतून पाण्यावर पडलेला उन्हाचा पट्टा. आई कठड्याला धरून किती तरी वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “खारा वास नाही गं, पण वारा तसाच लागतोय.” एवढ्या एका वाक्यासाठी मी पुढच्या फेऱ्यांचे पैसे आनंदाने मोजले.

त्या दिवशीचं जेवण बरं होतं. बटर गार्लिक कोळंबी चांगली, भाकरी गरम, सुरमईचा तुकडा कोरडा. नवी जागा म्हणून आम्ही काही मनावर घेतलं नाही.

जुलैत मात्र ठेच लागली. धरण भरलेलं, मुठेत पाणी सोडलेलं, गावात भिडे पूल पाण्याखाली. अशा वेळी बॅकवॉटर काठोकाठ असतं आणि डेकच्या खाली पाणी आपटल्याचा आवाज येतो. सासरे त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, तेव्हा ते आठ वर्षांचे होते, घर नारायण पेठेत. वाडा गेला, पुढे कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं. भरलेल्या धरणाकडे ते आमच्यासारखं बघू शकत नाहीत, हे मला त्या संध्याकाळी जाणवलं. नंतर त्यांना पाण्याकडे पाठ होईल अशी खुर्ची मी आपणहून देऊ लागले.

आईंनी पापलेट मागवलं. मेन्यूकार्डावर भावाच्या जागी ‘आकाराप्रमाणे’ असं लिहिलेलं, वेटरने तोंडी १,४५० सांगितले. “बाळा, ताजं आहे ना?” “आजी, एकदम फ्रेश, सकाळीच आलंय.” ताट आलं. वरून दिसायला सुरेख, रव्याचं कवच सोनेरी, लिंबाची फोड, कांद्याच्या चकत्या. आईंनी चमचा बाजूला ठेवला आणि मधल्या काट्याच्या कडेने बोटाने मांस उचललं. ताज्या पापलेटचं मांस काट्यापासून अखंड सुटतं, त्याच्या पाकळ्या होतात. इथे ते काट्याला चिकटून राहिलं आणि बोटांत त्याचं पीठ झालं. काट्यालगत तपकिरी झाक होती. आईंनी मला नुसतं ते बोट दाखवलं आणि ताट हळूच बाजूला सारलं. तक्रार करू नको म्हणाल्या. मी केली. मॅनेजर आला, ‘मॅडम, आमच्याकडे सगळं फ्रेशच असतं’ म्हणाला, आणि बिलात पापलेट पूर्ण भावाने लागलं. मासा बर्फातला होता यापेक्षा तो ताजा म्हणून विकला याचा मला राग आला, आणि तो अजून आहे.

घरी येताना गाडीत आईंनीच हिशेब मांडला. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ असतो, समुद्रही खवळलेला असतो. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, म्हणजे जुलैत पुण्यात जे ताजं म्हणून येतं त्यातलं बरंचसं तिकडून बर्फात दूरचा प्रवास करून आलेलं, नाहीतर शीतगृहातलं. “नारळी पौर्णिमेआधी पापलेट मागितलं, चूक माझीच,” असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. त्यांनी विचारलं होतं, वेटरने खरं सांगायला हवं होतं.

ऑगस्टची फेरी शाकाहारी, कारण श्रावण. त्याबद्दल थोडक्यात: शाकाहारी माणसाला घेऊन जाऊ नका. पनीरचे चार प्रकार आणि एक मिक्स व्हेज, सगळ्यांचा रस्सा एकच.

पुन्हा जायचं का, असा घरात प्रश्न होता. कोजागिरीला लेकीने हट्ट धरला म्हणून ऑक्टोबरात गेलो आणि तिथून चित्र बदललं. त्या दिवशी टेबलावर एक नवा मुलगा होता, विशीतला, बोलण्यावरून रत्नागिरीकडचा. आईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “आजी, पापलेट आज राहू दे. बांगडा घ्या, आणि तिसऱ्या चांगल्या आल्यात.” आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की माहेरचंच कोणी भेटलं.

तिसऱ्यांचं सुकं आलं ते पितळी कढईत. शिंपले सगळे उघडलेले, एकही बंद नाही. बंद राहिलेला शिंपला खायचा नसतो, हे मला सासरी आल्यावर कळलं. ओलं खोबरं भाजून बेताचं वाटलेलं, वर कोथिंबीर, आणि कोकमाचा आंबटपणा जिभेच्या कडेला. वाळूचा कण नाही. आईंनी पहिला शिंपला उचलून त्यातलं पाणी ओठांनी ओढलं, रिकामा शिंपला चमच्यासारखा धरून त्याने पुढचा मसाला घेतला, आणि मग कढई संपेपर्यंत त्या कोणाशी बोलल्या नाहीत. बांगड्याच्या आमटीत तिरफळ होतं. पुण्यातल्या हॉटेलात तिरफळ घालणारे मी फार कमी पाहिलेत. तेवढ्यात पूर्वेला चंद्र वर आला, डेकवरचे मोठे दिवे त्यांनी दहा मिनिटं मालवले, आणि समोरचं सगळं पाणी उजळलं. त्या रात्री चौघांचे ६,४०० झाले आणि मला एकही रुपया जड वाटला नाही.

बिलाचं मात्र नीट सांगायला हवं. ६,४०० वर त्यांनी १० टक्के सेवाशुल्क म्हणजे ६४० लावले, आणि त्या एकूण ७,०४० वर ५ टक्के जीएसटी, ३५२. एकूण ७,३९२. मी सेवाशुल्क काढायला सांगितलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे शुल्क हॉटेलला आपोआप बिलात लावता येत नाही, ते द्यायचं की नाही हे ग्राहकाने ठरवायचं. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. मॅनेजरने आधी ‘सिस्टिममध्येच आहे’ असं सांगितलं. मी फोनमध्ये १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर काढून ठेवला होता, तो लावायची वेळ आली नाही. नवं बिल आलं ६,७२० चं. वाचलेल्या पैशांतले ४०० रुपये मी त्या मुलाच्या हातात दिले. सेवाशुल्क त्याच्यापर्यंत पोचतं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. हातात दिलेले पोचले, एवढं मी पाहिलं. त्यानंतर दर वेळी टेबलावर बसतानाच सांगते, सेवाशुल्क लावू नका, आणि आता ते लावत नाहीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार फेऱ्यांमध्ये वाईट असं काही घडलं नाही. हेच या जागेचे दिवस. पाणी अजून भरपूर, हवा स्वच्छ, मासळी भरात. डिसेंबरात खाल्लेले बोंबील मी विसरणार नाही: बाहेरून कुरकुरीत, आत दुधावरच्या सायीसारखे मऊ, आणि तेलाचा थेंब नाही. पाणी काढायला वजनाखाली दाबून ठेवतात, त्यात इथल्या स्वयंपाक्याने घाई केलेली नव्हती. जानेवारीत चिंबोरीचा रस्सा घेतला. कवच फोडायला चिमटा आणि हात धुवायला लिंबूपाण्याचा वाडगा न मागता आला. पापलेटही एकदाचं चांगलं मिळालं, त्याच मुलाने “आज घ्या” म्हटल्यावर. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्यमासा जाहीर केलं तो मासा असा करायला हवा: हळद, मीठ, कोकमाचं आगळ, थोडं आलं-लसूण आणि रवा, बाकी काही नाही.

नव्या धाटणीचे पदार्थही आहेत. सोलकढीचा फेस काचेच्या पेल्यात, जवळ्याची चटणी इवल्याशा टॅकोत. लेकीला आवडले. मला नाही. सोलकढी जेवणाच्या शेवटी वाटी तोंडाला लावून प्यायची असते, ती घशाखाली उतरताना मिरची-लसूण जाणवायला हवा. साधी सोलकढी मागितली तर आतून आणून देतात आणि ती उत्तम आहे. गोडात काही घेऊ नका.

वेळेबद्दल. नोव्हेंबरच्या शेवटी पुण्यात सहाच्या आधी सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. त्याच्या तासभर आधी पोचाल असं टेबल घ्या, एकदा अंधार झाला की पाणी दिसत नाही आणि मोठ्या आवाजातलं संगीत सुरू होतं. आम्ही बुधवारी किंवा गुरुवारी जातो. दिवसाउजेडी गेलात तर कधी कधी पलीकडे पीकॉक बेच्या बाजूला एनडीएच्या कॅडेटांच्या शिडाच्या होड्या दिसतात. लेकीने फेब्रुवारीत अकरा मोजल्या. कठड्यालगतचं टेबल मागा, पण दिव्याखालचं नको, पावसाळ्यात आणि नंतरही महिनाभर दिव्याचे किडे ताटात पडतात. खाली मोबाइलची रेंज येते-जाते, यूपीआय अडकतं, थोडी रोख जवळ असू द्या. परतीचा रस्ता वळणांचा आणि अंधाराचा आहे. आम्ही साडेआठला उठतो, आणि गाडी चालवणारा सोलकढीच पितो.

आता ही मे महिन्याची फेरी. मी मुद्दाम गेले, कारण वर्षभराचं लिहायचं तर उन्हाळाही पाहायला हवा. वर पानशेत आणि वरसगाव मोठी धरणं, त्यांतून खडकवासल्यात पाणी सोडत राहतात. खडकवासला स्वतः जेमतेम पावणेदोन-दोन टीएमसीचं, पण या सोडण्यामुळे ते अगदी तळाला जात नाही. तरी काठ उघडा पडतोच. डेकखाली पाण्याच्या जागी भेगाळलेला चिखल होता, आणि पाणी तिथून शंभरएक पावलं लांब. एक गुराखी म्हशी घेऊन अगदी डेकजवळून गेला. भाव मात्र तेच, आणि कठड्यालगतच्या टेबलासाठी माणशी ५०० रुपये आगाऊ तेही तसेच. हे पैसे बिलात वळते होतात, पण उन्हाळ्यात ते मागणं मला बरोबर वाटत नाही. मी तसं अभिप्रायाच्या वहीत लिहून आले.

तो मुलगा होता. आईंना उताराच्या वाटेने घेऊन आला, खुर्ची ओढून दिली आणि विचारायच्या आधीच म्हणाला, “आजी, आता शेवटचे आठ-दहा दिवस. सुरमई खाऊन घ्या.” सुरमई चांगली होती. जेवण झाल्यावर आईंनी पिशवीतून हर्णैहून आलेल्या आगळाची छोटी बाटली काढून त्याच्या हातात दिली. निघताना मी कोजागिरीचं टेबल सांगून आले: पाच माणसं, कठड्यालगत, सासऱ्यांची खुर्ची पाण्याकडे पाठ करून, आणि मागचं फाटक उघडं.