२४ इंची गुण्या आणि पितळी गेज: माळ्याच्या जिन्यांवर वापरल्यानंतरचा अनुभव

कोकणातलं जुनं घर दुरुस्तीला काढलं की माळ्याचा जिना हमखास निघतो. जुने जिने शिडीसारखे उभे असतात. आता वर झोपायची खोली काढायची असते आणि घरात वयस्क माणसं असतात, त्यामुळे चढायला सोपा जिना हवा असतो. या कामांसाठी गेल्या पावसाळ्याआधी मी अमेरिकन पद्धतीचा मोठा पोलादी गुण्या, म्हणजे काटकोन आखायचं दोन हातांचं हत्यार, घेतला आणि त्याला चिमटायच्या पितळी गेजची जोडी. तेव्हापासून लाकडी जिन्याच्या दोन्ही अंगांच्या तिरक्या फळ्या, म्हणजे स्ट्रिंगर, याच गुण्याने आखतो आहे. गुण्यावर मी खूश आहे. गेजच्या बाबतीत मात्र सांगण्यासारखं बरंच आहे.

गुण्या एकाच पत्र्याचा आहे. लांब हात २४ इंच, आखूड हात १६ इंच. आकडे इंचात असल्याने इंच-सुताची (एक सूत म्हणजे १/८ इंच) सवय असलेल्या आपल्या सुतारांना काही नवीन शिकावं लागत नाही. आखूड हातावर चढाव, म्हणजे एका पायरीची उंची, घ्यायचा, लांब हातावर पायरीची रुंदी घ्यायची, दोन्ही आकडे फळीच्या कडेला टेकवायचे आणि रेघ मारायची. पायरीचा त्रिकोण तयार.

आणल्या आणल्या काटकोन तपासा. सरळ रंधलेल्या फळीच्या कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या पालथा करा आणि त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. रेघा फाकल्या तर गुण्यातली खरी चूक फाकलेल्या अंतराच्या निम्मी असते. माझा गुण्या बरोबर निघाला. आमच्याबरोबर काम करणाऱ्या सुतारकाकांचा जुना गुण्या पडून आत मिटला होता. त्यांनी त्याच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला सेंटर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खुंटीने, दोन हलके ठोके दिले आणि तो उघडला. बाहेर फाकलेला असेल तर ठोका बाहेरच्या कोपऱ्याकडे द्यायचा. ही सोय एकसंध पोलादी गुण्यातच आहे.

आता मुद्द्याचं. गुण्या सरकवत, एका त्रिकोणाच्या टोकाला दुसरा जोडत जायची पद्धत सगळीकडे दाखवतात. ती मला पटत नाही. एका जिन्याची उंची तयार जमिनीपासून माळ्याच्या तयार फळीपर्यंत ८ फूट ७ इंच, म्हणजे १०३ इंच होती. १४ चढाव धरले तर एक चढाव ७.३५७ इंच येतो. गुण्यावर तो ७ इंच ३ सूत लावावा लागतो, पण ७ इंच ३ सूत गुणिले १४ म्हणजे १०३ इंच २ सूत. नुसत्या आकड्याच्या गोळाबेरजेत दोन सूत वाढले. त्यात पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर पायरीला मिळत जाते आणि सगळी वाढ एका टोकाच्या पायरीत साचते. अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमावलीत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या चढावात ३/८ इंच, म्हणजे आपले तीन सूत, एवढाच फरक चालतो. त्याला कारण आहे. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय उंची ओळखतो, पुढे डोळे खाली बघत नाहीत. अंधारात पाण्याचा तांब्या घेऊन उतरणाऱ्या आजींना अडखळायला अर्धा इंच पुरेसा होतो.

म्हणून मी कोन गुण्याने आखतो आणि अंतर टेपने. वरच्याच जिन्याचं मिलिमीटरमध्ये सांगतो. उंची २६१६, एक चढाव १८६.८६, पायरीची रुंदी १० इंच म्हणजे २५४. या दोन्हींचा कर्ण ३१५.३ येतो. फळीच्या कडेवर टेप एकदाच ताणून धरायची आणि जागची न हलवता ३१५, ६३१, ९४६ अशा खुणा करत तेराव्या खुणेला ४०९९ वर पोहोचायचं. प्रत्येक आकडा मोबाइलवर मूळ कर्णाला गुणून काढायचा, आधीच्या खुणेत मिळवून नाही. टेपच्या टोकाचं हूक मुद्दाम थोडं सैल ठेवलेलं असतं, म्हणून मी शून्याऐवजी १०० च्या रेघेपासून सुरुवात करतो आणि प्रत्येक आकड्यात १०० मिळवतो. मग गुण्याचा ७ इंच ३ सूत एका खुणेवर आणि १० इंच पुढच्या खुणेवर ठेवून रेघा मारायच्या. चढाव केसभर जास्त लावल्याने कोनात पडणारा फरक एका पायरीपुरता राहतो, पुढच्या पायरीत जात नाही. या पद्धतीने आखलेल्या जिन्यांत वरची पायरी आणि खालची पायरी टेपला सारखी लागते.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याला चढाव जास्तीत जास्त १९० मिमी आणि पायरी कमीत कमी २५० मिमी दिली आहे. वरचा जिना त्यात बसतो. दोन चढाव आणि एक पायरी यांची बेरीज २४ ते २५ इंच ठेवायचा जुना फ्रेंच ठोकताळाही इथे जुळतो, आणि असा जिना चढताना मांडीला जाणवत नाही.

आता गेज. हे पितळेचे षट्कोनी तुकडे गुण्याच्या कडेवर सरकवून स्क्रूने आवळायचे असतात, म्हणजे दर वेळी आकडा शोधावा लागत नाही. कल्पना छान, पण दोन अडचणी. फळीच्या कडेला षट्कोनाची बाजू टेकते की कोपरा, यावर गुण्याचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून गेज लावल्यावर फळीची कड नेमकी दोन्ही आकड्यांवर येते का, हे डोळा जवळ नेऊन बघावंच लागतं. दुसरं, पाच-सहा पायऱ्यांनंतर स्क्रू ढिला होतो, आणि गेज अर्धा सूत सरकलेलं नजरेत येत नाही. मी गेजच्या मागे गुण्यावर पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवतो. रेघ आणि गेज यांत फट दिसली की थांबायचं. मोठ्या जिन्याला मी गेज वापरतच नाही. गुण्याच्या वर-खाली सरळ पट्टीचे दोन तुकडे धरून क्लॅम्पने आवळतो. अख्खी पट्टी कडेला टेकते, त्यामुळे सरकायला वाव राहत नाही.

गुण्या किंवा गेज फळीच्या कडेवर चालतो, तेव्हा कड वाकडी तर सगळंच वाकडं. आधी रंधा मारून कड दोरीला सरळ करा आणि फळीत कमान असेल तर ती वर ठेवा. वरच्या मापात खाच काटकोनात जवळजवळ सहा इंच आत जाते. १२ इंची फळीत सहा इंच अखंड लाकूड उरतं, ९ इंची फळीत जेमतेम तीन. तिथे पायऱ्या कापायच्या नाहीत. आपल्या जुन्या सुतारांसारखी पटाशीने आतून खाच घेऊन पायरी बसवायची. आखणी तीच, फक्त रेघेवर करवत चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी गुण्या सांगत नाही. पायरीची फळी दहा सूत जाडीची असेल तर स्ट्रिंगरच्या बुडातून तेवढेच दहा सूत कापायला हवेत. नाही तर पहिला चढाव सव्वा इंचाने उंच आणि शेवटचा तेवढाच बुटका होतो. माळ्याच्या तोंडाखालची जमीन आणि जिना टेकेल तिथली जमीन वेगळ्या पातळीवर असते, कोब्याला तर उतार असतोच. उंची पाणसळ लावून जिना टेकण्याच्या जागेवरूनच घ्या. दुसरी फळी मी पुन्हा आखत नाही. कापलेली पहिली फळीच फर्मा म्हणून वापरतो, आणि तिसरी लागली तरी पहिलीवरूनच उतरवतो.

आमच्याकडच्या पावसाळ्यात पोलाद टिकवायचं म्हणजे रोजचं काम. संध्याकाळी खोबरेल तेलाचा बोळा फिरवला नाही तर सकाळी लाल डाग. आकडे मात्र कोरलेले आहेत. खडू घासून फडक्याने पुसला की ते पांढरे उठून दिसतात. छापील आकड्यांचे गुण्ये दुकानात आणखी स्वस्त मिळतात, ते घेऊ नका.

छोटा तिकोनी स्पीड स्क्वेअरही माझ्याकडे आहे. १९२५ साली अल्बर्ट स्वॉन्सनने काढलेलं हे हत्यार फळी काटकोनात कापायला आणि वासे आखायला छान आहे, पण सात इंची तुकड्यावर दहा इंची पायरी मावत नाही. जिन्यासाठी तो घेऊ नका. एकाच मापाचे बरेच जिने करायचे असतील तर प्लायचा त्रिकोण कापून त्याला पट्टी ठोकलेला फर्मा गुण्यापेक्षा भराभर चालतो. सुतारकाका अजून त्यानेच करतात आणि त्यांचे जिने बरोबर येतात. माझ्याकडे दर घराची उंची वेगळी, म्हणून मला गुण्याच लागतो. गेजची जोडी पुन्हा घ्यायची वेळ आली तर घेणार नाही. गुण्या मात्र असाच, एकसंध आणि कोरीव आकड्यांचा घेईन.