दुकान-गोदामाचा विमा: वर्षभर वापरल्यानंतर

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे, भाड्याचं. कुपवाडला गोदाम आहे, ते स्वतःचं. गेल्या एप्रिलपासून दोन्हीचा मिळून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हा विमा आहे आणि मध्ये एक दावाही होऊन गेलाय. नुसती पॉलिसी घेऊन कपाटात ठेवलेल्या माणसाला जे सांगता येणार नाही, ते त्यामुळे सांगता येतंय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तसं लिहून उपयोगही नाही, कारण १ एप्रिल २०२१ पासून या पॉलिसीचा मूळ मजकूर आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेनेच ठरवून दिलाय. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर 'सूक्ष्म उद्यम', ५ ते ५० कोटींमध्ये असेल तर 'लघु उद्यम'. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर हे सगळं त्यात धरलेलं असतं. फरक पडतो हप्त्यात, दावा हाताळणाऱ्या ऑफिसात, आणि सगळ्यात जास्त आपल्या शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, काय लिहून घेतलंय त्यात. लोक तीन कोटेशन मागवतात आणि खालचा आकडा बघून सही करतात. माझ्या मते हप्ता सगळ्यात शेवटी बघायचा.

आधी आमचा विमा बँकच काढायची. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जाचं) खातं असलेल्या बहुतेक व्यापाऱ्यांचं असंच असतं. हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो आणि पॉलिसीचा कागद बँकेच्या फायलीत पडून राहतो. तो कागद मागून घ्या आणि शांतपणे वाचा. बँकेला तिच्या कर्जाची काळजी असते, त्यामुळे विमा बहुधा कर्जाच्या मर्यादेइतकाच असतो आणि प्रत्यक्ष माल त्याहून बराच जास्त. समजा, माल ८० लाखांचा आहे, विमा ५० लाखांचा आहे आणि नुकसान झालं ८ लाखांचं. तुम्हाला वाटेल ८ लाख ५० लाखांच्या आतच आहेत, पूर्ण मिळतील. मिळतात ५ लाख. विमा जेवढ्या प्रमाणात कमी, तेवढ्याच प्रमाणात भरपाई कमी. नव्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. ही फार मोठी सोय आहे, पण वरच्या उदाहरणातली तूट साडेसदतीस टक्के आहे. तिथे माफी लागू होत नाही.

म्हणून विमा रक्कम ठरवायला आम्ही सीए आणि ब्रोकर दोघांना एकत्र बसवलं. एजंट कंपनीचा असतो, ब्रोकर कायद्यानेच ग्राहकाच्या बाजूचा असतो, आणि धंद्याच्या विम्यात हा फरक जाणवतो. गोदामाच्या इमारतीची किंमत धरताना जागेची किंमत बाजूला काढली, कारण जमीन जळत नाही आणि वाहूनही जात नाही. पाया, लोखंडी सांगाडा, पत्रे, भिंती, वायरिंग हे सगळं आज नव्याने उभं करायला किती लागेल, तो आकडा धरला. दुकानाची इमारत मालकाची, तिचा विमा त्यांनी काढायचा. आमच्याकडे फर्निचर, रॅक, काच आणि माल. माल दोन्हीकडे सारखा हलत असतो, म्हणून मालासाठी फ्लोटर घेतला. विमा रक्कम एकच, पण शेड्यूलवर दोन्ही पत्ते घातलेले. दुसरा पत्ता नसता, तर पुढे जे झालं त्यात एक रुपया मिळाला नसता.

जीएसटीचा मुद्दा आमच्या सीएने काढला आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. प्लायवूडवर १८ टक्के जीएसटी आहे. विकत घेताना भरलेल्या या कराचं क्रेडिट आपण घेतो, म्हणजे विक्रीवरच्या करातून तो वळता करतो. पण माल नष्ट झाला तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे ते क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे मालाबरोबर करही बुडतो. मालाची विमा रक्कम जीएसटीसकट धरलेली नसेल, तर ही रक्कम खिशातून जाते. पेठेतल्या किती व्यापाऱ्यांनी हे बघितलंय, मला शंका आहे.

पुराबद्दल कंपनीला काय सांगायचं यावर आमच्याकडे खूप कुजबूज चालते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पेठ पाण्यात होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. प्रस्तावाच्या फॉर्मवर हे दोन्ही पूर आम्ही लिहून दिले. हप्ता त्यामुळे वाढला, एका कंपनीने तर उत्तरच दिलं नाही. तरीही लिहायचंच. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर आली की पॉलिसी असून नसल्यासारखी होते. तसंच मालाचं वर्णन. गोदामाच्या एका कोपऱ्यात आम्ही थिनरचे डबे ठेवतो, तेही वर्णनात घातलं. 'हार्डवेअर' एवढाच शब्द लिहून भागलं असतं, पण आग लागल्यावर कोणी विचारलं असतं तर?

दावा झाला मे महिन्यात, आणि तो गोदामात. वळवाचा पाऊस आला तो वाऱ्यासकट. पश्चिमेकडचे पत्रे उचकटून शेजारच्या प्लॉटमध्ये जाऊन पडले आणि रात्रभर पाणी थेट थप्प्यांवर. इथे एक बारीक गोष्ट समजून घ्या. जुना पत्रा गळतोय, त्यातून पाणी झिरपून माल भिजला, तर ते भरून मिळत नाही, ती देखभालीतली कसूर धरली जाते. वादळाने छप्पर उडालं आणि त्यामुळे पाणी आलं, तर मिळतं. त्यामुळे पहाटे सगळ्यात आधी उडालेल्या पत्र्यांचे, वाकलेल्या जे-बोल्टांचे फोटो काढले, कंपनीला मेल केला आणि मगच उरलेला माल ताडपत्रीखाली घेतला; दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली वादळाची बातमीही कापून ठेवली. नुकसान वाढू न देणं ही आपलीच जबाबदारी असते, पण भिजलेला माल हलवण्याआधी तो जागेवर दिसायला हवा.

नुकसान मोजायला कंपनीने नेमलेले सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. माणूस कामाचा निघाला. वरून थप्पी बघून "सगळं गेलं" असं त्यांनी लिहिलं नाही आणि "वाळवून विका" असंही म्हणाले नाहीत. हमालांना म्हणाले, "ह्या थप्पीतली मधली चार शीट ओढा बरं." प्रत्येक शीटची कड नखाने दाबून बघितली. आयएस ३०३ या मानकाचा साधा एमआर ग्रेड (थोडीफार ओल सोसणारं प्लाय) कडेने फुगला होता, थर सुटायला लागले होते. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. आयएस ७१० चं मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं, प्लाय मात्र पुसून घेतल्यावर शाबूत होतं, त्याचे पैसे त्यांनी धरले नाहीत. मला ते पटलं; तो माल आम्ही पुढे खरोखर विकला. फुगलेला एमआर शटरिंगवाले (स्लॅबचे साचे लावणारे) कमी भावात नेतात, ती किंमत सॅल्व्हेज म्हणून वजा झाली. तिच्यावर आमची घासाघीस झाली. पहिला आकडा जास्त होता, मग आम्ही दोन शटरिंगवाल्यांची लेखी कोटेशनं आणून दिली आणि तो खाली आला. सॅल्व्हेजचा आकडा दगडावरची रेघ नसतो, कागद द्या आणि बोला.

त्यानंतर कागदांची पाळी. खरेदीची बिलं, साठ्याचं रजिस्टर, जीएसटी रिटर्न आणि बँकेला दर महिन्याला देतो ते स्टॉक स्टेटमेंट. ही चारही एकमेकांशी ताडून बघतात. बँकेला माल फुगवून दाखवायची सवय कित्येकांना असते. ती सवय इथे गळ्याशी येते, कारण माल जास्त दाखवला की विमा कमी ठरतो, आणि रजिस्टरशी जुळला नाही की सगळाच हिशेब संशयात जातो. आमचे दिवाणजी रजिस्टर रोजच्या रोज लिहितात. दावा सुटला तो त्यांच्यामुळे, असं मी कोणालाही सांगेन.

खटकलं ते कंपनीचं ऑफिस. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. अहवाल वेळेत आला. पुढे मात्र एक कागद द्यावा, आठवड्याने दुसरा मागावा, असं चालू झालं. हे योग्य नाही. धंदा बंद ठेवून माणूस चकरा मारत असतो, कर्जाचं व्याज चालू असतं. शेवटी आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला आणि आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली, तेव्हा फाईल हलली. तिथेही झालं नसतं तर विमा लोकपालांकडे जायची तयारी होती. पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, आणि सूक्ष्म उद्योगांनाही तिथे दाद मागता येते. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने पैसे सीसी खात्यात जमा झाले. काहींना याचं आश्चर्य वाटतं, पण नियम तोच आहे.

आता थोडक्यात, या पॉलिसीत काय नाही. साधी चोरी नाही. आग-पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत झालेली चोरीच यात बसते. एरवीसाठी बर्गलरीची (घरफोडीची) पॉलिसी वेगळी, ती आम्ही घेतली आहे. गल्ल्यातली रोकड ५० हजारांपर्यंतच. दुकान बंद राहून बुडालेला नफा यात नाही. त्याचा स्वतंत्र विमा मिळतो, पण आपल्या मालमत्तेचं नुकसान झालेलं असेल तरच तो लागू होतो. पेठेचे रस्ते पाण्याखाली आहेत आणि आपलं दुकान कोरडं आहे, अशा बंद दिवसांचे पैसे त्यातून येत नाहीत. पूरपट्ट्यातल्या व्यापाऱ्याला हीच तर खरी गरज असते, आणि कंपन्यांनी त्यावर परवडेल असं काही काढावं असं मला मनापासून वाटतं.

या एप्रिलला नूतनीकरण याच पॉलिसीचं करणार आहे, ऑफिस मात्र बदलणार. प्लायचे भाव चढलेत, त्यामुळे मालाची रक्कम वाढवावी लागेल. दिवाळीच्या आधी आमच्याकडे माल जवळपास दुप्पट असतो, म्हणून ब्रोकरला डिक्लरेशन पद्धतीचं कोटेशन मागितलंय; त्यात दर महिन्याला साठा कळवायचा आणि वर्षाअखेरीस त्याप्रमाणे हप्त्याचा हिशेब होतो. दुकानाच्या मालकांनी इमारतीचा विमा अजून काढलेला नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे, आणि निम्मा हप्ता आम्ही भरायला तयार आहोत असं त्यांना कळवलंय.