व्यावसायिक एक्झिक्युटर सेवा: हिशोब चोख, घराकडे दुर्लक्ष

मृत्युपत्रात नातेवाइकाऐवजी ट्रस्ट कंपनीला (फी घेऊन हे काम करणाऱ्या कंपनीला) एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे देणी फेडून मालमत्ता वाटणारा, नेमायचं असेल, तर ही सेवा कुठे कामाला येते आणि कुठे महागात पडते, हे सही करण्याआधीच बघून घ्यावं.

हिची खरी ताकद देण्याघेण्याच्या क्रमात आहे. आधी अंत्यविधीचा खर्च, कर आणि कर्जं, मग नावानिशी दिलेल्या वस्तू व रकमा, उरलंसुरलं शेवटी. घरचा माणूस नेमका इथेच अडकतो. वारस घाई करतात, भिडेपोटी तो वाटप करून मोकळा होतो, आणि काही महिन्यांनी एखादं जुनं कर्ज वर येतं. वाटलेला पैसा परत आला नाही, तर त्याला पदरचे भरावे लागू शकतात. कंपनी मात्र इस्टेटीचं वेगळं खातं उघडते, ज्यांचं येणं असेल त्यांना नोटीस देते आणि मुदत संपेपर्यंत वाटप करत नाही.

कागद सांभाळण्यातही या मंडळींना पूर्ण गुण. मूळ मृत्युपत्राची स्टेपलर पिन ते झेरॉक्ससाठीसुद्धा काढत नाहीत. पिन काढून पुन्हा मारली की कोपऱ्यात जादा भोकं दिसतात, आणि मधलं पान बदललं का, ही शंका प्रोबेटच्या, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याच्या, वेळी निघते.

रिकाम्या घराच्या बाबतीत मात्र निराशा होते. घर बंद असल्याचं विमा कंपनीला वेळेत कळवलं नाही, तर पाइप फुटून झालेल्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. किल्ली कोणाकडे, पाण्याचा कॉक कोण बंद करणार, फेरी किती दिवसांनी, हे लेखी घ्या.

फीचं कलम तर दोनदा वाचा. टक्केवारी एकूण किमतीवर आहे की कर्ज वजा जाता? मालमत्ता 100, कर्ज 60 आणि फी एकूण किमतीच्या 3 टक्के धरली, तर वारसांच्या 40 मधून 3 जातात, म्हणजे साडेसात टक्के. घरविक्री आणि कर विवरणपत्राचे पैसे बऱ्याचदा वेगळे.

भावंडांत वाद असेल किंवा चालू धंदा मागे राहणार असेल, तर ही सेवा जरूर घ्यावी. एक घर, दोन खाती आणि एकोपा असेल, तर घरचाच एक्झिक्युटर नेमून वकील व हिशोबनीस कामापुरते घेणं परवडतं. कंपनीचं नाव आधीच लिहिलेलं असेल, तर तिने मालमत्तेला हात लावण्यापूर्वीच वारसांनी तिला माघार घेण्याची लेखी विनंती करावी. नंतर बाहेर पडायला तिला सहसा कोर्टाची परवानगी लागते.